कोऱ्याला दिलेला घास

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचलो एकदाच्या! सामान लागलं, आईची खाट खिडकीपाशी लागली. माझी पुस्तकं अजून खोक्यांतच आहेत, पण आज इतकं बरं वाटतंय की उभ्या उभ्याच लिहायला घेतलं.

घर म्हणजे पशुखाद्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेमागच्या दोन खोल्या. मध्ये फरसबंद अंगण आणि पलीकडे कोंबड्यांची शेड. आईच्या खिडकीतून शेडची खिडकी समोरासमोर दिसते. दिवसभर यंत्रांची घरघर आणि हवेत भाजलेल्या पेंडीचा वास. मला वाटलं आई नाक मुरडेल. तर म्हणाली, या वासाने भूक चाळवते गं. भूक! ऑपरेशननंतर हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी सांगितलंय की रोग काढून टाकलाय, आता अंगावर मांस धरलं तर बाई वाचली, नाही तर नाही. म्हणून तर ही नोकरी घेतली. दुपारी दहा पावलांवर घर, तिला समोर बसवून जेवू घालता येईल.

कारखान्याचा मोठा वजनकाटा पाहून आईने विचारलं, की जनावरांबरोबर तिलाही पुष्ट करून विकायचा बेत आहे का. म्हटलं, गिऱ्हाईक मिळालं तर बघू. खूप हसली. पाव, दोन अंडी आणि पेलाभर दूध संपवून झोपली.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाला जुंपले. माझ्याबरोबर दोनच माणसं. प्रमुख गोल, गोरे आणि सदा घाईत असतात. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघतात. दुसरी आम्लवाली. तिला सगळे हेच म्हणतात, कारण नमुने आम्लात उकळून त्यातले घटक मोजणं हे तिचं काम. तोंडही आम्लातच बुडवलेलं. मी आल्या आल्या तिने विचारलं, की भाषणं ठोकणाऱ्या बाई त्या तुम्हीच का, इथे श्रोते कोंबडे आहेत आणि टाळ्या मिळणार नाहीत.

ठोकते मी भाषणं! ठोकणारच. पोत्यावर ‘प्रथिने भरपूर’ छापायचं आणि जनावराला उपाशी मारायचं, याला मी आयुष्यभर फसवणूकच म्हणत आले. पेंड जास्त भाजली की तिच्यातलं लायसिन, प्रथिनांतला वाढीला लागणारा घटक, साखरेला घट्ट चिकटतं. प्रयोगशाळेत आम्लात उकळलं की ते सुटतं, आणि यंत्र सांगतं, आहे, भरपूर आहे. पण कोंबड्याच्या आतड्यात आम्लाची कढई नसते. त्याला ते सुटत नाही. तोंडातून गेलं तसं बाहेर पडतं. अन्नात काय आहे हे विचारू नका, खाणाऱ्याला काय लाभलं ते विचारा. सभांमधून हे एकच वाक्य मी घसा बसेपर्यंत सांगितलंय.

रीत साधी आहे. कोंबड्याला आधी उपाशी ठेवायचं, मग नळीने गळ्याखालच्या पिशवीत मोजून पूड सोडायची. पिंजऱ्याखाली ट्रे. ट्रेमध्ये पडेल ते वाळवायचं, दळायचं, आम्लवालीकडे द्यायचं. आत गेलं त्यातून बाहेर आलं ते वजा करायचं. राहिलं ते अंगी लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज डोकं फिरलं.

उपाशी पोटातूनही थोडं काही बाहेर पडतंच. आतड्याचं झिजलेलं अस्तर, पाचकरस, शरीराचा स्वतःचाच ऐवज. तो हिशेबात धरावा लागतो. म्हणून दर चाचणीत एका कोंबड्याला काहीच देत नाहीत. त्याला कोरा म्हणतात. दोन दिवसांनी त्याला पोटभर खाऊ घालून आराम द्यायचा आणि पुढच्या वेळी दुसरा कोरा निवडायचा, ही जगभरची रीत.

इथे कोरा बदलत नाहीत. कडेच्या पिंजऱ्यात एक करडा कोंबडा आहे. तुरा मेणासारखा. आरवत नाही, चोच मारत नाही. कायमचा कोरा तोच. मी प्रमुखांना विचारलं, म्हणजे तो जेवतो कधी? ते म्हणाले, जेवत नाही. मी हसले. ते हसले नाहीत. ते नोकरीला लागले तेव्हाही तो तिथेच होता, म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून, त्याला काही द्यायचं नाही, इतकी एक गोष्ट पाळा.

म्हणजे कुणीतरी चोरून खायला घालतंय, आणि इथले सगळे आकडे त्या खोट्या शून्यावर उभे आहेत. नाहीतर खरंच उपाशी ठेवलाय, आणि मग ही प्रयोगशाळा नव्हे, कत्तलखान्याहून वाईट जागा आहे. दोन्हींपैकी काहीही असो, मी गप्प बसणार नाही. आम्लवालीला तसं ठणकावलं. तिने चष्मा पुसत सांगितलं, की भाषण छान झालं, आता काचेची भांडी विसळा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस शेडमध्येच खुर्ची टाकून बसले. कुणी येत नाही. कोंबडा पाणी पितो, उभा राहतो. माझ्याकडे बघतोय असंही म्हणवत नाही. डोळा माझ्या दिशेला असतो, इतकंच.

दुपारी जेवताना आईला सगळं सांगितलं. ती घास हातात धरून ऐकत राहिली. मग ताटातलं निम्मं अंडं आणि दुधात कुस्करलेला पाव एका वाटीत काढला आणि म्हणाली, की उपाशी जिवासमोर बसून हिशेब कसले करता गं तुम्ही लोक, हे माझ्यातलं ने त्याला. मी नेलं. वजन केलं नाही. या धंद्यात पडल्यापासून न तोलता दिलेला हा माझा पहिला घास, आणि तो देताना मला अभिमान वाटला.

त्याने वाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग खाल्लं. वाटी पुसल्यासारखी लख्ख केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ट्रे कोरडा आहे. एक कण नाही. जे खाल्लं ते सगळंच्या सगळं अंगी लागलं, असं कोणत्याच अन्नाचं कोणत्याच जिवाला होत नाही.

आणखी खायला दिलं, तर तोंड फिरवलं. पण काट्यावर ठेवला तर वजन वाढलेलं. काटा दोनदा तपासला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईची भूक छान आहे. सकाळी दूध-अंडी, दुपारी मांसाचं सूप, बटाटे, संध्याकाळी पुन्हा दूध. मागून घेते. तरी आज तिची बांगडी कोपरापर्यंत वर गेली. तिने गंमत म्हणून करून दाखवलं. मला गंमत वाटली नाही. काट्यावर उभी केली, तर आलो त्या दिवसापेक्षा कमी.

करड्या कोंबड्याचा तुरा लाल होतोय.

या दोन ओळी एकाखाली एक का लिहिल्या, कळत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक म्हणाले. रोग परतलेला नाही. म्हणे, खायला घाला. अहो, घालतेय की! त्यांच्या टेबलावर हात आपटला मी. आईने बाहेर आल्यावर झापलं, की डॉक्टरवर ओरडून माझं वजन वाढणार असेल तर रोज येऊ.

घरात बसवत नाही. उभं राहवत नाही. पुस्तकं खोक्यांतून काढली, लावली, पुन्हा काढली. तिच्या केसांचा पुंजका फणीत राहतो. नखांवर आडव्या रेघा आल्यात. उपाशी जनावराच्या अंगावर मी हे शंभरदा पाहिलंय. पण ती उपाशी नाही.

आहे, पण लाभत नाही. हे मोजायची रीत मला येते.

१ मार्च, शनिवार

आईवर चाचणी लावली. तिने खाल्लेलं सगळं तोललं, आणि दुसऱ्या टोकाचंही सगळं. आई म्हणाली, एवढं शिकवलं ते काय यासाठी? शेजारपाजारी सांगू तरी कसं की लेक काय गोळा करते. हसता हसता तिला धाप लागली.

दोन्ही वाळवून, दळून, नुसतं ‘नमुना’ लिहून आम्लवालीला दिलं.

५ मार्च, बुधवार

आकडे आले. आत गेलं तेवढंच बाहेर. लायसिन तेवढंच, बाकी सगळे घटक तेवढेच. आतड्यातून जणू गेलंच नाही, नळातून गेलं.

आम्लवाली खो खो हसली. म्हणाली, असलं रद्दी खाद्य मी जन्मात पाहिलं नाही, बनवणाऱ्याला भर चौकात फटके द्या, आणि ज्या जनावराला हे घालताय ते जगायचं नाही, सांगून ठेवते.

मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले. बोलता येईना. मला.

१० मार्च, सोमवार

दुसऱ्या चाचणीत गेलं त्याहून जास्त बाहेर आलं. उपाशी माणूस झिजतो त्याहून जास्त. म्हणजे जेवण तिला देत नाही, तिच्यातलं घेऊन जातंय.

दुपारी शेडमध्ये होते. लख्ख ऊन. दोन्ही खिडक्या उघड्या. पलीकडे आई सूप पीत होती. चमचा वर गेला, आणि माझ्यासमोर करड्या कोंबड्याचा गळा हलला. घोट गेल्यासारखा. चमचा खाली. गळा थांबला. ती थांबून कपाळ पुसत होती तोवर तोही थांबला. पुन्हा चमचा—

पिंजऱ्यात दाणा नव्हता. पाण्याचं भांडंही मी काढून घेतलं होतं.

अंगण धावत ओलांडलं आणि तिच्या हातातला चमचा हिसकावला. आई घाबरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, की जरा संपवू दे ना, भूक लागलीय.

११ मार्च, मंगळवार

प्रमुखांना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि एकच विचारलं, कुणाच्या ताटातलं? आईच्या, म्हटल्यावर खुर्चीत बसले.

त्यांनाही का ते माहीत नाही. इतकंच म्हणाले, की शून्य होतं तोवर त्याला भूक नव्हती. तुम्ही त्याला भूक लावलीत. आता तो घेत राहणार, आणि ज्याच्या ताटातला शेवटचा घास खाल्ला त्याच्याकडूनच घेणार. मी म्हटलं, मान मुरगळते. ते म्हणाले, तसं करू नका, वजाबाकी कुठेतरी व्हायलाच हवी.

मी आयुष्यभर असल्याच वाक्यांशी लढले. कुणीतरी उपाशी राहायलाच हवं, हे मला शांत आवाजात सांगणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. त्यांच्या टेबलावरची काच फोडून आले.

१२ मार्च, बुधवार

मारला.

जड होता, गरम होता, ओरडला नाही. चिरला. गळ्याखालची पिशवी होती, आणि तिच्या पुढे काही नाही. आतडं नाही, काळीज नाही. आत गुळगुळीत, कोरडं, धुतलेल्या बशीसारखं.

घरी आले तेव्हा आई जागी होत होती. म्हणाली, आज खूप हलकं वाटतंय गं. भूक अजिबात नाही.

मी रडले. आनंदाने. ती माझी समजूत काढायला लागली. मग मी माझं ताट घेऊन तिच्या खाटेवर बसले, आणि एक घास, एकच, अंड्याचा, बळेबळे तिला भरवला. लहानपणी ती मला भरवायची तसा. तिने खाल्ला.

१७ मार्च, सोमवार

आई बरी होतेय! गाल भरले. अंगणात चालली. आम्लवालीशी खिडकीतून भांडली, की माझ्या लेकीला काम कमी द्या, वाळत चाललीय. आम्लवालीने तिला मावशी करून टाकलंय, रोज दुपारी येऊन चार टोमणे मारून आणि चार खाऊन जाते.

जेवत मात्र नाही. बळ केलं तर तोंड फिरवते. समोर बसून मला वाढते. तू खाल्लंस की माझं पोट भरतं, म्हणते. सगळ्या आया म्हणतात.

२० मार्च, गुरुवार

माझ्या फणीत केस.

नखं पाहिली नाहीत. मुद्दाम. मग पाहिली.

२१ मार्च, शुक्रवार

पाणी प्यायले, आईचा गळा हलला.

माझाच घास. बळेबळे. कुणी सांगितलं होतं भरवायला? तिला भूक नव्हती. नव्हती! कोंबडा गेला आणि कोरा तीच झाली. ती शून्यावर ठीक होती, आणि मी, मीच, दुसऱ्यांदा—

२३ मार्च, रविवार

दिवसभर काही खाल्लं नाही. सुटका करून बघायची म्हणून. दुपारपर्यंत आई पांढरी पडली. संध्याकाळी ओठ निळे. माझ्याकडे बघून म्हणाली, की तुझ्या पोटात काही नाही का गं, मला कसंतरी होतंय.

पळत स्वयंपाकघरात गेले. उभ्यानेच पाव तोंडात कोंबला. दुसरा. तिसरा. मागून तिचा श्वास नीट होताना ऐकला.

२७ मार्च, गुरुवार

खाते. सारखी खाते. रात्र सोडली तर जबडा थांबत नाही. दूध, अंडी, पाव, मांस. चव नाही. तिचे केस दाट होताहेत. सुंदर दिसते. मी तिला इतकी सुंदर कधीच पाहिली नव्हती.

प्रमुख खिडकीत आले. आत आले नाहीत. तुमच्या जागी माणूस शोधतोय, म्हणाले. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

मी मेले की तिचं काय? हा एकच प्रश्न. बाकी सगळे मिटले.

३० मार्च

चमचा धरवत नाही. आई भरवते. एक घास मला. तिचा गळा हलतो. माया आहे डोळ्यांत, खरी माया, काही कळत नाही तिला. म्हणते, खा गं बयो, वाळलीस किती. रडते पण. रडून ताजी दिसते.

तिला सांगितलं तर ती मला खाऊच देणार नाही. म्हणजे तीच मरेल. म्हणून सांगितलं नाही.

१ एप्रिल

गिळता येत नाही. काल दूध बाहेर आलं.

आई पांढरी पडायला लागली. खाटेला टेकून बसलीय. ओठ—

दुपार. ऊन. दारात आम्लवाली. हातात डबा. मला बघून तिचं तोंडच बंद झालं. पहिल्यांदा. मग आईकडे बघितलं. अगं बाई मावशी, म्हणाली, तुम्ही तर उपाशी दिसता. घरात कुणी एक जण तरी जेवतं की नाही? बसली. डबा उघडतेय.

घरी दोन मुली आहेत तिच्या. सांगत असते.

मला ओरडायला हवं. हजारोंच्या सभेत पोहोचायचा आवाज. एक शब्द पुरेल. नको. इतकाच.

आई तोंड फिरवतेय. नको म्हणतेय. आम्लवाली म्हणते, माझ्यातला एक घास, माझ्यासाठी—

पेन्सिल धरण्याइतकी ताकद आहे. म्हणजे ओरडण्याइतकी आहे. आणि मी लिहितेय. ओरडत नाहीये, लिहितेय—

आईचे ओठ निळे. घास जवळ—

आई माझ्याकडे बघतेय. घेऊ का, विचारतेय डोळ्यांनी. मी मान